सुरुवात एक, इंग्रजी शब्द अनेक: या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडला संध्याकाळी इंग्रजीचे क्लास घेतो. वह्यांतल्या बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. एक मात्र तशी नाही.

दिंडोरीकडचा एक विद्यार्थी वडिलांसाठी मुंबईच्या डॉक्टरांना लिहिलेला ईमेल तपासायला घेऊन आला. ‘कॅन्सर इज इन प्रायमरी स्टेज.’ त्याला म्हणायचं होतं, प्राथमिक अवस्थेत आहे, लवकर सापडलाय. आपल्याकडे घरोघरी असंच बोलतात. पण डॉक्टरांच्या भाषेत ‘प्रायमरी’ म्हणजे गाठ मुळात जिथे झाली ती. तिथून दुसऱ्या अवयवात पसरली की ‘सेकंडरी’. आजार कितपत पुढे गेलाय, हे ‘प्रायमरी’वरून कळत नाही. म्हणून ‘अर्ली स्टेज’ लिहा. उलट बाजूनेही सांभाळा: रिपोर्टमध्ये ‘प्रायमरी’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, स्टेज कितवी ते डॉक्टरांना विचारा. ‘प्रिलिमिनरी रिपोर्ट’ हा आणखी वेगळा, त्याचा अर्थ पक्का रिपोर्ट अजून यायचाय.

‘कमेन्स’ म्हणजे सुरू होणे, हे शाळेपासून पाठ. त्यामुळे अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीकडून ‘कमेन्समेंट’चं निमंत्रण आलं तेव्हा एका आईने मला विचारलं, “सर, फिया भरून दोन वर्षं झाली, आणि कॉलेज आत्ता सुरू होतंय?” तिकडे पदवीदान समारंभाला कमेन्समेंट म्हणतात. पेढे आणा म्हटलं.

‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ बऱ्याच ठिकाणी एकमेकांच्या जागी चालतात. पण सातपूरच्या कारखान्यातलं मशीन काय नि थंडीत अडून बसलेली बाइक काय, ‘स्टार्ट’च होते. आणि ‘सोमवारपासून’मधला ‘पासून’ इंग्रजीत ओढून नेऊ नका. ‘स्टार्ट्स फ्रॉम मंडे’ऐवजी ‘स्टार्ट्स ऑन मंडे’.

‘ऑनसेट’ बहुधा नकोशा गोष्टीचा: तापाचा, द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा. लग्नाच्या पत्रिकेत तो नको. मान्सूनचा ऑनसेट हवामान खातं केरळात १ जूनच्या सुमारास धरतं. तो आपल्याला हवासा, तरी शब्द तोच.

नदीच्या उगमाला ‘राइझ’. ‘द गोदावरी राइझेस निअर त्र्यंबकेश्वर’ बरोबर. चुकून ‘इज रायझिंग’, म्हणजे पाणी चढतंय, असं लिहिलंत, तर वाचणारा पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का, ते बघायला रामकुंडाकडे निघायचा.