सुपरहिरोपटांच्या चाहत्याने टीका कशी लिहावी

मार्व्हल या अमेरिकी स्टुडिओच्या, एकाच जगात घडणाऱ्या सुपरहिरोपटांच्या मालिकेविषयी सांगली-मिरजेत हिरिरीने बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे सरळ दोन तट पडलेले दिसतात. एका तटाला २०१९ च्या 'ॲव्हेंजर्स: एंडगेम'नंतरचे सारेच टाकाऊ वाटते, तर दुसऱ्याला टीकेचा एक शब्दही खपत नाही. दोघांच्याही बोलण्यातून चित्रपटाविषयी फारसे काही कळत नाही. वास्तविक अशा मालिकेचा उत्तम टीकाकार तिच्या चाहत्यांतूनच निघायला हवा, कारण कोणते पात्र कोठे काय बोलले होते हे त्याला तोंडपाठ असते; मात्र त्या पाठांतराचा लेखात उपयोग कसा करायचा, हे शिकून घ्यावे लागते. आपल्या नाराजीचा नीट लेख करू पाहणाऱ्या चाहत्यांसाठी पुढील सूचना आहेत.

लिहायला बसण्यापूर्वी एक निवाडा करून घ्यावा: जे खटकले ते चित्रपटाचे होते की चित्रपटगृहाचे? हॉलिवूडचा चित्रपट मध्यंतर गृहीत धरून लिहिलेला नसतो. आपल्याकडे तो मध्येच कोठेतरी थांबवला जातो, कधी ऐन लढाईत, तर कधी बोलणे अर्ध्यावर असताना. हिंदी-मराठी चित्रपटाचा लेखक मध्यंतराच्या तोंडावर कथेला मुद्दाम वळण देतो, म्हणून तेथे 'पूर्वार्ध रेंगाळतो, उत्तरार्ध पकड घेतो' या वाक्याला अर्थ असतो. तेच वाक्य तीन तासांच्या 'एंडगेम'ला लावले, तर टीका दिग्दर्शकावर न होता समोसे विकण्याच्या वेळेवर होते. थ्रीडीच्या चष्म्यामुळे पडद्यावरचा उजेड मुळातच कमी होतो. त्यात प्रोजेक्टरचा दिवा थकलेला असेल, तर रात्रीच्या प्रसंगांत कोण कोणाला मारतो आहे हे उमगत नाही, आणि तो दोष छायालेखकाच्या माथी मारला जातो. हिंदी डबमध्ये विनोद बऱ्याचदा बदललेले असतात, म्हणून संवादांवर लिहायचे असल्यास घरी मूळ इंग्रजीत, उपशीर्षके लावून, तो प्रसंग पुन्हा ऐकावा. शहरातील एका चित्रपटगृहात तर श्रेयनामावली सुरू होताच दिवे लावून खेळ बंद करण्याची रीत होती. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून या मालिकेने पुढच्या कथेचे धागे नामावलीनंतरच्या दृश्यांत ठेवले आहेत. ते दृश्य न पाहताच 'शेवट अर्धवट वाटला' असे लिहून देणाऱ्यावर रागावण्यापेक्षा त्या चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकावर रागवावे.

यानंतर टीकेचे मुख्य काम सुरू होते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत चित्रपटाने प्रेक्षकाला काय कबूल केले, ते एका वाक्यात लिहून काढावे, आणि पुढचा सारा चित्रपट त्या वाक्यासमोर धरून पाहावा. आपल्याला काय हवे होते, मूळ कॉमिक्समध्ये काय होते किंवा आपण मनात कोणती कथा रचून गेलो होतो, या गोष्टी तूर्त बाजूला ठेवाव्यात. चाहत्यांच्या टीकेतील निम्मा भाग अपेक्षाभंगाचा असतो, आणि अपेक्षा चाहत्याने स्वतःच बांधलेली असेल, तर तिचा जाब दिग्दर्शकाला विचारता येत नाही.

हे एका उदाहरणाने पाहू. या मालिकेविरुद्धची एक जुनी तक्रार म्हणजे गंभीर प्रसंगात ऐनवेळी विनोद घुसडून त्या प्रसंगाची हवा काढून घेणे. ताइका वैतिती या एकाच दिग्दर्शकाचे दोन चित्रपट यासाठी शेजारीशेजारी ठेवण्याजोगे आहेत. 'थॉर: रॅग्नारॉक' (२०१७) मध्ये अखेरीस नायक थॉरची जन्मभूमी ॲसगार्ड जळून नष्ट होते. वाचलेले लोक जहाजातून ते पाहत असतात. पाया शाबूत असेल तर सारे पुन्हा उभारता येईल, असा धीर कॉर्ग हा दगडी अंगाचा योद्धा देतो, त्याच क्षणी पायासकट सर्व उडते, आणि तो तितक्याच सौम्य आवाजात 'पायाही गेला' असे सांगतो. अनेकांना हा विनोद असह्य वाटला. परंतु या चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात थॉर साखळदंडाने टांगलेला असतो, समोरचा राक्षस जगबुडीचे भाकीत ऐकवत असतो, आणि साखळी फिरल्यामुळे पाठमोरा झालेला थॉर त्याला 'जरा थांब, मी पुन्हा तोंड वळेपर्यंत' असे विनवतो. जगबुडीचीही थट्टा होईल, हे या चित्रपटाने दारातच सांगितले होते. शेवटचा विनोद कोणाला आवडो वा न आवडो, तो कबुलीला धरून आहे.

'थॉर: लव्ह अँड थंडर' (२०२२) ची सुरुवात याच्या उलट आहे. वाळवंटात गॉर नावाचा भाविक आपल्या मुलीला कवटाळून देवाची करुणा भाकतो. मुलगी तहानेने मरते. पुढे तो देव भेटतो आणि त्याच्या भक्तीची टर उडवतो. ख्रिश्चन बेलने हा प्रसंग इतका जीव ओतून केला आहे की देव आणि भक्त यांच्यातील हिशेब आता मांडला जाणार, अशी खात्री वाटते. शिवाय थॉरची पूर्वीची प्रेयसी जेन फॉस्टर हिला शेवटच्या टप्प्यातील कर्करोग झालेला आहे. एवढे कबूल करून चित्रपट किंचाळणाऱ्या बोकडांच्या जोडीकडे वळतो आणि तोच विनोद पुनःपुन्हा करतो. येथे विनोदाचे प्रमाण हा दोषाचा बाह्य भाग आहे. आपणच मांडलेल्या दुःखापुढे चित्रपट दोन मिनिटेही गप्प बसू शकत नाही, हा खरा दोष आहे. कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशाला पोट धरून हसलेल्या आमच्या जिल्ह्याला विनोदाचे वावडे असण्याचे कारण नाही. मात्र वगात सोंगाड्याने कोठे तोंड घालावे आणि कोठे मागे सरकावे, याचे भान ज्या प्रेक्षकाला आहे, त्याने ते भान हॉलिवूडसाठी घरी ठेवून जाऊ नये.

आता ही तक्रार कागदावर कशी उतरते ते पाहावे. पहिल्या खर्ड्यात सामान्यतः असे वाक्य असते: 'चित्रपटात उगाचच फालतू विनोद भरले आहेत.' या वाक्यावरून वाचकाला लेखकाची चिडचिड कळते, चित्रपट कळत नाही. ते खोडून असे लिहावे: 'जेन आपल्या आजाराविषयी बोलू लागते तेव्हा प्रसंगाला थांबायला जागा हवी असते, ती जागा पुढच्या विनोदाने व्यापली जाते, त्यामुळे शेवटी तिच्या निर्णयाचे ओझे प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही.' या वाक्यात प्रसंग आहे, तेथे काय घडायला हवे होते ते आहे आणि न घडल्याचा परिणामही आहे. 'फालतू', 'भंगार', 'डोक्यावरून गेला' हे शब्द लेखात आले की त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि प्रत्येकाच्या जागी एक प्रसंग लिहावा. प्रसंग आठवत नसेल, तर ती तक्रार लेखातून काढून टाकावी.

मरणाचा मुद्दा असाच नेमकेपणाने हाताळावा लागतो. 'मार्व्हलमध्ये कोणी मरतच नाही' हे वाक्य ऐकायला चटकदार असले, तरी सिद्ध करायला कठीण आहे, कारण टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, 'एंडगेम'मध्ये मेला तो मेलाच. त्यापेक्षा एक पात्र धरून हिशेब मांडावा. थॉरचा भाऊ लोकी २०१३ च्या 'थॉर: द डार्क वर्ल्ड'मध्ये भावाच्या कुशीत प्राण सोडतो आणि शेवटी जिवंत निघतो, २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये थानोस हा खलनायक त्याचा गळा आवळतो आणि आता पुन्हा जिवंत होणे नाही, असे बजावतो, 'एंडगेम'मध्ये भूतकाळातला दुसराच लोकी निसटतो आणि २०२१ मध्ये त्याच्या नावाची वेब मालिका येते. ती मालिका चांगली आहे, हेही प्रामाणिकपणे लिहावे. मग प्रश्न उरतो तो असा, की पहिल्या मरणावर आपण जे हळहळलो, त्याची किंमत दुसऱ्या मरणाच्या वेळी किती उरली होती?

मरणाइतकेच महत्त्व परिणामांना आहे, आणि चाहत्याची स्मरणशक्ती येथे सर्वांत जास्त उपयोगी पडते. 'एटर्नल्स' (२०२१) च्या शेवटी पृथ्वीच्या पोटातून एक महाकाय देह समुद्रातून वर येतो आणि तसाच दगड होऊन राहतो. एवढ्या मोठ्या घटनेची नीट दखल घ्यायला या मालिकेने २०२५ च्या 'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'पर्यंत वेळ लावला. मधल्या चित्रपटांत लोक नेहमीप्रमाणे कामाला जात होते. कृष्णेला पूर आला की त्या पाण्याची खूण सांगलीत भिंतींवर वर्षानुवर्षे दाखवली जाते. येथे तर समुद्रात डोंगराएवढा हात उभा होता. प्रत्येक चित्रपट एकाच जगात घडतो, असे सांगूनच तिकिटे विकली गेली असल्यामुळे ही तक्रार पूर्णपणे रास्त ठरते.

खलनायकाविषयी लिहिताना सांगलीकराला उदाहरणासाठी लांब जावे लागत नाही. येथेच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. महाभारतातल्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. खलनायकाला वजन येते ते असे: त्याच्या रूपाने काहीतरी ओळखीचे, आपल्या काळातले समोर उभे राहते. 'ब्लॅक पँथर' (२०१८) मधला किलमाँगर या मापाला उतरतो. जगभरचे कृष्णवर्णीय चिरडले जात असताना वकांडा हा नायकाचा काल्पनिक आफ्रिकी देश श्रीमंतीत लपून बसला, हा त्याचा आरोप खोडून काढता येत नाही. म्हणूनच त्याला हरवल्यानंतरही नायकाला आपल्या राज्याचे धोरण बदलावे लागते. याउलट 'द डार्क वर्ल्ड'मधल्या मॅलेकिथला सर्वत्र अंधार हवा असतो, एवढेच कळते. तेव्हा खलनायकाविषयी एकच प्रश्न विचारावा: त्याच्यामुळे नायकाचे मत कोठे बदलले का? उत्तर नकारार्थी आले, तर टीकेचा परिच्छेद जवळजवळ तयार झाला.

पुढचा मुद्दा गृहपाठाचा, म्हणजे एक चित्रपट कळण्यासाठी आधी इतर किती गोष्टी पाहाव्या लागतात याचा. २००८ ते २०१२ या पहिल्या टप्प्यात सहा चित्रपट होते. २०२१ आणि २०२२ या दोनच वर्षांत सात चित्रपट आणि, छोटे विशेष भाग वेगळे काढले तरी, आठ वेब मालिका आल्या. पसारा वाढल्याने लक्ष विभागले गेले, हे मार्व्हलची मालक कंपनी डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीही २०२३ मध्ये मान्य केले. परंतु केवळ संख्या सांगून थांबू नये, तिचा कथेवर काय परिणाम झाला ते दाखवावे. 'वांडाव्हिजन' या नऊ भागांच्या मालिकेत वांडा ही जादूगार नायिका आपल्या शोकातून दोन मुलांसकट एक खोटा संसार उभा करते आणि अखेर स्वतःच तो मोडते. 'डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' (२०२२) सुरू होतो तेव्हा ती त्याच मुलांसाठी माणसे मारायला निघालेली असते. ज्याने मालिका पाहिली नाही त्याला ही मुले कोण ते कळत नाही, आणि ज्याने पाहिली त्याला वाटते की मालिकेच्या शेवटी ती जे शिकली ते पुसून टाकले गेले. एका जादूच्या पुस्तकाच्या जोरावर हा बदल उरकला जातो. नवखा आणि जाणता असे दोन्ही प्रेक्षक एकाच वेळी हातचे जाण्याचा असा नमुना विरळा.

दृश्य परिणामांवर लिहिताना हात थोडा आखडता घ्यावा. 'ब्लॅक पँथर'मधली खाणीतली शेवटची लढाई व्हिडिओ गेमसारखी दिसते, हे खरेच आहे. मात्र ते संगणकावर काम करणाऱ्यांच्या अंगचोरपणामुळे झाले, असे सुचवू नये. मार्व्हलच्या स्वतःच्या दृश्य-परिणाम विभागातील कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये संघटनेच्या बाजूने एकमुखाने कौल दिला. कामाचे ताण आणि अपुऱ्या मुदती या तक्रारी त्यामागे होत्या. आपल्याकडची किती तरी मुले पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत हेच काम रात्र रात्र जागून करतात. दोष नियोजनाचा असेल तेथे तसे स्पष्ट लिहावे.

कमाईचे आकडे पुरावा म्हणून वापरू नयेत. 'एंडगेम'ने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले आणि 'द मार्व्हल्स'ने (२०२३) जेमतेम २० कोटींच्या आसपास. यावरून वितरकाचे नफा-नुकसान कळते. माझ्या मते 'द मार्व्हल्स'मधले तिन्ही नायिकांचे जागा बदलत लढणे हे गेल्या काही वर्षांतल्या चांगल्या लढतींपैकी आहे, आणि ते लिहायला आकडे आड येत नाहीत.

लेखाच्या माथ्यावर चित्रपट कोणत्या भाषेत, टूडी की थ्रीडी, आणि चित्रपटगृहात की घरी पाहिला ते नोंदवावे. प्रदर्शनानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात शेवट फोडू नये. त्यानंतर फोडायचा असल्यास आधी सूचना द्यावी. खर्डा पुरा झाला की ज्याने या मालिकेतला एकही चित्रपट पाहिलेला नाही अशा घरातल्या माणसाला, शक्यतो काकांना किंवा मोठ्या बहिणीला, तो मोठ्याने वाचून दाखवावा. 'हा कोण?' असे त्यांनी जेथे विचारले तेथे अर्धे वाक्य वाढवावे, आणि त्यांनी मोबाइल उघडला तो परिच्छेद सरळ काढून टाकावा.