स्पोर्ट्स कारमध्ये इथेनॉल वापरायचंय? आधी हे वाचा (मुंबईकरांसाठी खास)

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करूया, पंपावर साधं पेट्रोल म्हणून जे मिळतं ते आता ई20 आहे, म्हणजे लिटरमागे साधारण 200 मिली इथेनॉल, त्यामुळे वरळीच्या बेसमेंटमध्ये उभी असलेली पोर्शे असो नाहीतर ठाण्याच्या पोराने ट्यून केलेली पोलो जीटी, इथेनॉल सगळ्यांच्याच टाकीत आहे. प्रश्न एवढाच की तुमच्या इंजिनाला ते झेपतं का, आणि झेपत असेल तर त्यातून पॉवर काढता येते का.

पॉवर मिळते हे शंभर टक्के खरं आहे. कोनिगसेग कंपनीची येस्को ही सुपरकार साध्या पेट्रोलवर 1280 हॉर्सपॉवर देते आणि ई85 वर (म्हणजे साधारण 85 टक्के इथेनॉल) 1600. अमेरिकेतल्या इंडीकार रेसिंगवाले 2007 पासून मुख्यतः इथेनॉलवरच पळतायत. कारण दोन. एक म्हणजे इथेनॉलचा ऑक्टेन 108 च्या आसपास, त्यामुळे टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) पुढे घेतलं आणि बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला तरी नॉकिंग, म्हणजे इंधन वेळेआधी भडकणं, लवकर होत नाही. आणि दुसरं जे लोक विसरतात, इथेनॉल वाफ होऊन उडताना प्रचंड उष्णता ओढून घेतं, हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार लागतं ना तेच सिलिंडरच्या आत होतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात टर्बो गाडी इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा भाग) तापला की ढिली पडते ना, तिथे हा गारवा खरंच जाणवतो.

पण हे सगळं फुकट नाही. पेट्रोल नीट जळायला 1 किलोमागे 14.7 किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त 9. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त ओतावं लागतं, ई85 ला तर ढोबळमानाने 30 ते 40 टक्के जास्त. गाडीतला फ्युएल पंप आणि इंधन फवारणारे इंजेक्टर तेवढं देऊ शकले नाहीत तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि फुल थ्रॉटलवर लीन म्हणजे पिस्टन वितळायची तयारी. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (टर्बो-सुपरचार्जर नसलेली) गाडी असेल तर फायदाही थोडाच मिळतो, खरी मजा टर्बो आणि सुपरचार्जरवाल्यांची, तेव्हा नुसत्या हौसेपोटी खर्च करू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता काय करायचं ते. आधी फ्युएल कॅपच्या झाकणाआतला स्टिकर आणि मॅन्युअल बघा, ई5, ई10, ई20 जे लिहिलंय ती तुमची मर्यादा. जुनी इंपोर्टेड गाडी असेल, त्यातही कार्ब्युरेटरवाली (इंजेक्टरच्या आधीच्या काळातली), तर साधे रबरी पाईप, ओ-रिंग, पितळ आणि जस्ताचे भाग यांना इथेनॉल हळूहळू खातं, ते पाईप इथेनॉल चालणारे बदलून घ्या, व्हायटॉन किंवा टेफ्लॉनचे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पाईप भरपूर मिळतात पण "चालतं साहेब" वर विश्वास ठेवू नका, पाईपवर छापलेलं रेटिंग स्वतः वाचून घ्या.

मग टाकीत नक्की किती इथेनॉल आहे ते मोजा. हे फार सोपं आहे आणि कोणी करत नाही. 100 मिलीची मापाची काचेची नळी घ्या, 10 मिली पाणी, वर 90 मिली पेट्रोल, बूच लावून हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्या. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं, खालचा थर फुगतो. तो 28 मिलीवर आला तर 18 मिली इथेनॉल निघालं, 90 पैकी 18, म्हणजे 20 टक्के. मोकळ्या जागेत करा, आसपास सिगारेट, स्विच, गॅस काही नको, आणि ते मिश्रण मोरीत ओतू नका. महागडं 100 ऑक्टेन पेट्रोल, उदाहरणार्थ इंडियन ऑइलचं एक्सपी100, लोक बिनाइथेनॉलचं म्हणून घेतात, ई5 वाल्या जुन्या गाडीला तो चांगला पर्याय आहे, तरी नळीत टाकून खात्री करायला काय जातं?

त्यानंतर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडी ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी इंधन देतेय ते. ई10 ची गाडी ई20 वर चालली की ट्रिम चार-पाच टक्के प्लसमध्ये जाणं नॉर्मल आहे, पण तो वीसच्या जवळ गेला तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मिश्रण भरून काढता काढता दमलाय, पी0171 (मिश्रण लीन) कोडसकट चेक इंजिन लाईट कधीही पेटेल.

ज्यांना ई30-ई40 करायचंय त्यांच्यासाठी. मार्च 2024 मध्ये महाराष्ट्र धरून पाच राज्यांतल्या 183 पंपांवर ई100 सुरू झालं, ते फ्लेक्स फ्युएल (पेट्रोल-इथेनॉल कुठल्याही प्रमाणात चालणाऱ्या) गाड्यांसाठी आहे आणि त्यात इथेनॉल साधारण 93 टक्के असतं. 50 लिटरच्या टाकीत 43 लिटर ई20 आणि 7 लिटर ई100 टाकलं की ई30 होतं, 40 आणि 10 केलं की जवळपास ई35. पण ईसीयूचा मॅप (इंधन आणि टायमिंगचं सेटिंग) न बदलता हे करायचं नाही म्हणजे नाही. इथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स सेन्सर बसवा, तो 50 हर्ट्झला 0 टक्के आणि 150 हर्ट्झला 100 टक्के असा सिग्नल देतो, ईसीयू त्यावरून टायमिंग आणि इंधन आपोआप बदलतो, मग कुठल्या पंपावर काय मिळालं याची चिंता राहत नाही. ट्यूनरला दोन गोष्टी विचारा, फुल लोडवर इंजेक्टर ड्युटी (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो) 85 टक्क्यांच्या आत आहे का, आणि डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) असेल तर हाय प्रेशर पंपाचं प्रेशर वरच्या आरपीएमला पडतंय का. हे आकडे नोंदवलेला लॉग न दाखवता "मक्खन चालते" म्हणणाऱ्याकडून गाडी उचलून आणा. कायद्याचंही लक्षात ठेवा, गाडीत परवानगीशिवाय बदल करण्याबद्दल मोटर वाहन कायद्याचं कलम 52 आहे, शिवाय वॉरंटी आणि इन्शुरन्सवाले असे बदल पकडतात, म्हणून असा सेटअप ट्रॅकवरच्या गाडीसाठीच ठेवलेला बरा. आणि केमिकलवाल्याकडून ड्रममधलं स्पिरिट तर अजिबात आणू नका, त्यात पाणी किती आणि काय काय मिसळलंय कोणाला माहीत.

ऑइल लवकर बदला. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये बांद्रा ते बीकेसी अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, न जळलेलं इथेनॉल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ पिवळट साय दिसली की समजा वेळ झाली. आठवड्यातून एकदा तरी पहाटे कोस्टल रोडवरून मर्यादेत, पण सलग अर्धा तास गाडी चालवा. थंडीत गाडी सुरू न होण्याचा, म्हणजे कोल्ड स्टार्टचा, जो त्रास परदेशातले लोक सांगतात तो आपल्याकडे नाही, आपला जानेवारीही त्यासाठी पुरेसा गरम असतो.

पावसाळा मात्र खरा शत्रू. इथेनॉल पाणी धरतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की दोघं मिळून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, नेमकं जिथून गाडीचा फ्युएल पंप ओढतो तिथे, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरतो. आधुनिक गाडीची टाकी बंद असते त्यामुळे नुसत्या दमट हवेने लगेच काही होत नाही, जास्त धोका पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत शिरलेल्या पाण्याचा, म्हणून धो धो पाऊस पडून पाणी तुंबलेल्या भागातल्या पंपावर त्या दिवशी भरू नका. जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहणार असेल तर मेअखेरीस इथेनॉल कमीत कमी असलेलं पेट्रोल नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा म्हणजे वर हवेला फारशी जागा उरत नाही, स्टॅबिलायझर (इंधन टिकवणारं रसायन) टाकून दहा मिनिटं इंजिन चालवा, आणि बाहेर काढताना पहिल्यांदा टाकीच्या तळातलं थोडं इंधन काढून काचेच्या बाटलीत बघा, दोन थर दिसले तर स्टार्टर मारू नका, आधी टाकी पूर्ण रिकामी करून घ्या.