जळगावात बसून समुद्राचा अभ्यास: ड्रिफ्टरच्या डेटावर काम करायचंय त्यांच्यासाठी

गावाकडची पोरं विचारतात, भाऊ आपल्याकडे तापी सोडली तर आहे काय, तू समुद्राचा अभ्यास करतो कसा? तर जहाजावर जावंच लागतं असं काही नाही, निदान सुरुवातीला तरी. ग्लोबल ड्रिफ्टर प्रोग्रॅमचे हजाराच्या वर बोये (पाण्यावर तरंगणारी यंत्रं, यांनाच ड्रिफ्टर म्हणतात) जगभर समुद्रात नुसते वाहत असतात, सॅटेलाइटवरून त्यांची पोझिशन येते आणि तो डेटा फुकट मिळतो, तासातासाचा. फिजिक्स नाहीतर मॅथ्स बऱ्यापैकी आणि पायथन येत असेल तर भुसावळच्या उन्हाळ्यात पंख्याखाली बसूनही काम होतं (लाइट असली तर).

विषय असाय की वारा जोरात येऊन गेला की वरचं पाणी धक्क्याने चालू पडतं, मग वारा थांबला तरी ते थांबत नाही, पृथ्वी फिरते म्हणून आपल्या गोलार्धात उजवीकडे वळत वळत घड्याळाच्या दिशेने फिरत राहतं. एका फेरीचा वेळ म्हणजे साधारण १२ तास भागिले अक्षांशाचा साइन, बस. जळगाव २१ अंशावर, म्हणजे त्याच रेषेत गुजरातच्या किनाऱ्यावरच्या वेरावळसमोर ३३ तास, खाली १५ अंशावर ४६. वेग सेकंदाला ३० सेंमी धरला तर वेरावळसमोर वर्तुळाची त्रिज्या सहा किलोमीटरच्या आतबाहेर. पण नकाशावर असं सुटं वर्तुळ क्वचित दिसतं, कारण मूळ प्रवाह बोयाला पुढे ओढत असतो, तो मंद असेल तर जिलबीसारखे वेढे पडतात आणि जोरात असेल तर नुसती नागमोडी रेघ, म्हणून स्पेक्ट्रम (कोणत्या फेरीच्या वेळेला किती जोर आहे ते दाखवणारा आलेख) काढायच्या आधी ट्रॅक प्लॉट करून डोळ्यांनी बघा, हे कोणी करत नाही.

दुसरं म्हणजे ड्रोग. बोयाखाली १५ मीटरवर कापडी नळा असतो, त्यामुळे तो पाण्याबरोबर जातो. नळा तुटला की वारा त्याला ढकलतो आणि तुम्ही पाण्याचा वेग समजून वाऱ्याचा मोजत बसता. फाइलमध्ये ड्रोग गेल्याची तारीख असते, आधी ती बघा.

पहिल्या प्रोजेक्टला बंगालच्या उपसागरातलं एखादं चक्रीवादळ घ्या, त्याच्या मार्गाच्या उजव्या बाजूला पाण्याची ही गोल फिरण्याची हालचाल जास्त जोरात असते. ३० अंशाच्या आसपास जाऊच नका, तिथे फेरी २४ तासांची होते आणि रोजच्या भरतीओहोटीत मिसळून जाते.

इंटर्नशिपसाठी गोव्याचं एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र). मेलमध्ये 'आय ॲम इंटरेस्टेड'चा निबंध नको, स्वतः काढलेला एक प्लॉट जोडा आणि खाली दोन ओळीत लिहा काय दिसतंय ते.