बढती हुकली म्हणून दाद मागताय? मग या चुका टाळा

"आवं सायेब, माज्या मागनं भरती झालेला सुबेदार हुन घरी आला, आन् मी हवालदारच ऱ्हायलो."

हे वाक्य साताऱ्यातल्या माझ्या ओसरीवर मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरचा चप्पल काढायला वाकला की मला पुढचं कळतं. फौजेत माझी सगळी नोकरी क्लार्कच्या खुर्चीवर गेली, त्यामुळे माजी सैनिक कागदाची पिशवी घेऊन माझ्याकडं येतात. बढतीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न एकच विचारतो: तुम्हाला हे कळलं कधी? वर्ष नको, तारीख सांगा. निम्मे जण तिथंच अडकतात.

उशीर ही सगळ्या चुकांची आई. खटाव तालुक्यातला एक हवालदार माझ्याकडं आला, तेव्हा त्याला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. नायब सुभेदारीच्या, म्हणजे हवालदाराच्या वरच्या पदाच्या, यादीत त्याच्या बरोबरीच्यांची नावं आली, त्याचं आलं नाही. का, तर रेकॉर्डवर केडर कोर्स, म्हणजे बढतीआधीचा कोर्स, पास झाल्याची नोंद नव्हती. कोर्स त्यानं केला होता, पण युनिटमधून त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डवर नोंद घेण्याचा हुकूम, निघालीच नव्हती. पास झाल्याचा दाखला ट्रंकेच्या तळाशी, जुन्या बेरेटखाली, घडी घालून ठेवलेला. तेव्हा त्याला कुणीतरी तोंडी सांगितलं, "पुढच्या बढती बोर्डात बघू." हा गप्प बसला. पुढच्या बोर्डाच्या आधीच नोकरीची मुदत संपली. मग घर बांधलं, बोअर मारली, पोरीचं लग्न उरकलं, आणि सात वर्षांनी त्याला अन्याय आठवला.

त्यानं काय करावं? पत्रं लिहिली. रेकॉर्ड ऑफिसला, दिल्लीला आर्मी हेडक्वार्टरला, संरक्षणमंत्र्यांना, राष्ट्रपतींना. चौदा पत्रं, प्रत्येकाची पोचपावती फाईलला टाचलेली. शेवटी एक दिवस तीन ओळींचं उत्तर आलं: आपल्या प्रकरणाचा विचार केला, मागणी मान्य करता येत नाही. गडी पेढे घेऊनच माझ्याकडं आला! म्हणे आता नवा हुकूम निघाला, आजपासून सहा महिन्यांची मुदत चालू. त्याच्या वकिलानंही तसंच सांगितलं होतं. मी पेढा खाल्ला नाही.

नियम असा आहे. फौजींच्या नोकरीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा, आणि न्यायाधिकरण चालू झालं २००९ मध्ये. आपल्याला मुंबईचं खंडपीठ. कलम २२ प्रमाणे अंतिम हुकूम मिळाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज दाखल व्हावा लागतो. तुम्ही रीतसर तक्रार केली आणि तिला उत्तरच आलं नाही, तर सहा महिने वाट बघायची आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत दाखल व्हायचं. पण जुनं, थंड झालेलं प्रकरण दहा वर्षांनी पत्रानं उकरून काढलं आणि साहेबांनी त्याला उत्तर दिलं, एवढ्यानं ते जिवंत होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सी. जेकब प्रकरणात हे स्पष्ट सांगितलंय. पत्रांचा ढीग वाढला म्हणून घड्याळ मागं फिरत नाही.

"पण माझ्या मेव्हण्याला पंधरा वर्षांनी पेन्शन मिळाली की," असं कुणीतरी म्हणतंच. खरंय, मिळाली असेल. पेन्शन कमी मिळत असेल तर दर महिन्याला नवं नुकसान होतं, म्हणून न्यायालय उशीर पोटात घालतं, थकबाकी मात्र बहुधा मागच्या तीन वर्षांचीच देतं. त्याच २००८ सालच्या तरसेम सिंग निकालात हे आलंय, आणि त्यातच पुढं असंही म्हटलंय, की बढती आणि सिनिऑरिटीची गोष्ट वेगळी. तिथं दुसऱ्याच्या हक्काला धक्का लागतो, म्हणून उशीर सहसा माफ होत नाही. लोक निकालाचा पहिला अर्धा भाग वाचतात आणि दुसरा सोडतात.

खटावच्या हवालदाराचा अर्ज उशिरावरच निकाली निघाला. केडरचा तो दाखला खरा होता, शिक्क्यासकट होता. तो कुणी उघडून पाहिलासुद्धा नाही.

उशीर माफ करा असा अर्ज वेगळा करता येतो, नाही असं नाही. पण त्यात "मी गरीब, अडाणी शेतकरी आहे" लिहू नका. वीस वर्षं फौजेत रोज दैनिक हुकूम वाचलेला माणूस अडाणी कसा? दवाखान्यात होता तर दवाखान्याचे कागद लावा, तारखांसकट.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. आपली बढती का अडली, हेच माहीत करून न घेता लढायला निघणं. आपल्याकडं अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथं घरटी फौजी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण पडले, आणि गावाच्या नावातच मिलिटरी आली. अशा गावात पारावर बसलं की तुलना होणारच. एकाच दिवशी भरती झालेले दोघं चुलतभाऊ, एक सिग्नलमधून सुभेदार होऊन आला, दुसरा पायदळातून हवालदार. दुसरा म्हणतो अन्याय. अहो, दोघांची सिनिऑरिटीची यादीच वेगळी! ज्याच्या त्याच्या रेजिमेंटमध्ये, ज्याच्या त्याच्या ट्रेडमध्ये जागा निघतील तशी बढती मिळते. तुलना करायची तर तुमच्याच यादीतल्या, तुमच्या खालच्या माणसाशी करा. त्याचा नंबर आणि बढतीची तारीख कागदावर असेल तरच मुद्दा उभा राहतो.

आणि कारणं कितीतरी असतात. एसीआर, म्हणजे साहेबांनी लिहिलेला वार्षिक गोपनीय अहवाल, कमी पडला, रेड इंक एन्ट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, लागली, मेडिकल कॅटेगरी खाली गेली, केडर राहिला, नाहीतर जागाच नव्हती. प्रत्येकाचं औषध निराळं. म्हणून माझी सवय अशी: आधी माहितीचा अधिकार. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला अर्ज. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांना बेळगाव. त्यात "मला बढती का दिली नाही?" असं विचारायचं नाही. "का"ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद देणं आहे. माझ्या शीट रोलची, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्राची, प्रत द्या, केडरच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत द्या, बोर्डाच्या कार्यवाहीतला माझ्यापुरता उतारा द्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. मात्र माहितीची वाट बघत बसल्यानं सहा महिन्यांची मुदत थांबत नाही, हेही डोक्यात ठेवा.

आता बाकीचं भराभर सांगतो.

"मला नायब सुभेदार करा" असं मागू नका. बढती हा हक्क नाही, बढतीसाठी विचार होणं हा हक्क आहे. त्या तारखेला होतो तसा समजून माझा पुन्हा विचार करा, आणि पात्र ठरलो तर नोशनल, म्हणजे कागदोपत्री धरलेली, सिनिऑरिटी देऊन पेन्शन सुधारा, असं मागा. मधल्या काळाचा सगळा पगार हातात पडेल असं धरून कर्ज काढू नका.

सीओला, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला, शिव्या घालू नका. त्यानं आकसानं केलं असं म्हणायचं असेल तर त्याला नावानं प्रतिवादी करावं लागतं आणि ते सिद्धही करावं लागतं. जमणार नसेल तर तो परिच्छेद काढा, कितीही पोट दुखलं तरी. ज्याच्यावर सिनिऑरिटी मागताय, त्या ज्युनिअरलाही पार्टी करायला विसरू नका.

एकाच अर्जात बढती, एमएसीपी (बढतीविना मिळणारी पगारवाढ), ओआरओपी (एक पद, एक पेन्शन) आणि अपंगत्व पेन्शन कोंबू नका. मिसळ खायला चांगली.

नोकरीत असाल तर आर्मी ॲक्टच्या कलम २६ ची तक्रार आधी करा. थेट न्यायाधिकरणात गेलात तर आधीचे मार्ग का वापरले नाहीत, म्हणून परत पाठवतील.

व्हॉट्सॲपवर आलेला निकाल वकिलाच्या तोंडावर मारू नका. देव दत्त प्रकरणाचा २००८ चा निकाल मला वर्षातून पाच-सहा जण तरी दाखवतात: एसीआर कळवलाच पाहिजे, म्हणे. त्याच निकालात लिहिलंय की हे लष्करी अधिकाऱ्यांना लागू नाही. शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा येत असेल तर पाठवू तरी नका.

"दिल्लीत आपली ओळख हाय" म्हणणाऱ्याला पाच पैसे देऊ नका. चहासुद्धा पाजू नका.

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा हुकूम) मूळ प्रतीत कुणाच्या हाती द्यायची नाही, वकिलाच्याही. मी फुलस्केप वहीत तीन रकाने आखतो: तारीख, काय घडलं, कागद कुठला. तिसरा रकाना रिकामा राहिला की ती गोष्ट अर्जात घेत नाही. बायकोनं या वहीला "सायबाची पोथी" असं नाव ठेवलंय. पोस्टाच्या पावत्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढायची, कारण ती शाई वर्षात उडते. मूळ पावती हरवलेला गडी "पाठवलं होतं की" म्हणतो, आणि त्यावर पुढं काही बोलता येत नाही.

गेल्या महिन्यात कोरेगावकडचा एक पोरगा आला, नुकताच रिटायर झालेला. तक्रार फेटाळल्याचं पत्र त्यानं पिशवीतून काढलं. मी वहीत तारीख मांडली. पाच महिने एकोणीस दिवस झाले होते. आतून बायकोनं विचारलं, चहा टाकू का. म्हटलं, नको. याला आत्ता स्टँडवर सोडून येतो, मुंबईची गाडी सव्वा तासात आहे.