पूर्व भागातील बालसंरक्षणाचे काम: नव्या समाजकार्यकर्त्यांसाठी

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात क्षेत्रकार्यासाठी मला सोलापूरच्या पूर्व भागातील एक वस्ती मिळाली, तेव्हा मुलांवरील हिंसा रोखणे म्हणजे तक्रार आल्यावर धावून जाणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तक्रार सहसा येतच नाही. आई वळलेल्या विड्या जमा करायला कारखान्यात गेलेली असते, वडील यंत्रमागावर पाळीत असतात आणि शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मुले शेजाऱ्यांच्या भरवशावर असतात. धोका असलाच तर तो बहुधा याच वेळेत आणि ओळखीच्याच माणसाकडून असतो. त्यामुळे मी घरभेटी सकाळऐवजी दुपारनंतर ठेवल्या. शिवाय मोडकेतोडके का होईना, तेलुगू बोलायला शिकले, कारण घरातल्या आज्या मराठीत फक्त ख्यालीखुशाली सांगत आणि काळजीचे बोलणे तेलुगूतच करीत.

माझ्या हातून झालेली एक चूक मात्र तुम्ही करू नये. एका मुलीने मला काही सांगितले; खात्री करावी म्हणून मी तिला पुन्हा विचारले आणि नंतर वरिष्ठांसमोरही तेच सांगायला लावले. तिसऱ्या वेळी ती ‘काही झालं नाही’ म्हणाली. आपल्यावर विश्वास बसलेला नाही, एवढाच अर्थ तिने त्या प्रश्नांतून घेतला होता, हे मला फार उशिरा कळले. मूल बोलते तेव्हा शांतपणे ऐकावे, त्याचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाच्या, कलम १९ नुसार लैंगिक अपराधाची माहिती असणाऱ्या किंवा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. छडा लावणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेतला जावा आणि अधिकारी गणवेशात नसावा, ही कलम २४ मधील तरतूद पालकांना आधीच समजावून सांगितली, तर त्यांची निम्मी भीती जाते.

बालविवाहाची चाहूल शाळेच्या हजेरीपटावर लागते. सातवी-आठवीतील मुलगी सलग गैरहजर दिसली, तर वर्गशिक्षिकेशी बोलून त्याच आठवड्यात तिच्या घरी जावे. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना फळ्यावर लिहून दाखवण्याऐवजी पाठ करून घ्यावा, कारण अडचणीच्या वेळी फळा जवळ नसतो.