कुलगुरूपदासाठी अर्ज करणाऱ्या प्राध्यापकांना

महाराष्ट्रातील एखाद्या सार्वजनिक विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत संपत आली की जाहिरात प्रसिद्ध होते आणि वीस-पंचवीस वर्षे अध्यापन केलेले अनेक ज्येष्ठ प्राध्यापक आपली माहिती भरायला बसतात. त्यांतले बरेच जण पात्र असतात, काही जण तर त्या पदासाठी अगदी योग्य असतात. परंतु अर्ज मात्र शेवटच्या आठवड्यात, पदोन्नतीच्या वेळची जुनी फाइल समोर ठेवून घाईघाईने तयार होतो. सहकाऱ्यांचे असे अर्ज मी अनेक वर्षे वाचून देत आलो आहे. चांगल्या माणसाची संधी त्याच्या कर्तृत्वात उणीव असल्यामुळे हुकण्यापेक्षा तारखांच्या हिशेबात आणि पुराव्यांच्या जुळणीत हुकते, हे मला पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणून हे टिपण त्या दोन गोष्टींवर अधिक वेळ देणारे आहे.

आधी ही नियुक्ती कोण करतो आणि कशाच्या आधारे करतो, हे नीट समजून घ्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि कुलगुरूंच्या नियुक्तीची तरतूद त्याच्या कलम ११ मध्ये आहे. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात. नेमणूक ते करतात, मात्र एका समितीने पाठविलेल्या नावांमधूनच. या कायद्याच्या जोडीला विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची विनियमावली वाचणे अत्यावश्यक आहे. शिक्षण हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत, असल्यामुळे राज्याचा कायदा आणि आयोगाचे विनियम यांच्यात विरोध आला तर विनियमच वरचढ ठरतात, हे गुजरातमधील एका विद्यापीठाच्या कुलगुरूंची नियुक्ती रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि त्यात उद्योग व लोकप्रशासन या क्षेत्रांतील व्यक्तींनाही या पदाची दारे उघडण्याचा प्रस्ताव होता. त्यावर बरीच चर्चा झाली, पण मसुदा म्हणजे नियम नव्हे. तुमच्या हातातील जाहिरात ज्या नियमांचा हवाला देते, त्यांच्याच कसोटीवर तुमचा अर्ज तपासला जाईल.

२०१८ च्या विनियमांतील मुख्य अट अशी आहे की उमेदवाराला विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा अनुभव असावा, किंवा नामवंत संशोधन अथवा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेत तेवढाच अनुभव असून शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा देता यावा. वाचायला हे सोपे वाटते, पण सर्वाधिक घोळ इथेच होतो.

माझ्या एका सहकाऱ्याने अर्जात ‘२०१२ पासून प्राध्यापक’ असे लिहिले होते. मी त्यांना सेवापुस्तक काढायला सांगितले. विद्यापीठाच्या आस्थापना शाखेतून ते मिळायला तीन दिवस लागले आणि आम्ही दोघांनी ते पानोपान वाचले. २०१२ च्या नोंदीपुढे ‘सहयोगी प्राध्यापक’ या टप्प्यावरची वेतननिश्चिती होती. प्राध्यापकपदाचा आदेश मार्च २०१३ चा होता आणि त्या आदेशात पदोन्नती १८ जानेवारी २०१३ पासून लागू असल्याचे म्हटले होते. अर्जाची अंतिम तारीख होती २० नोव्हेंबर २०२२. म्हणजे नऊ वर्षे दहा महिने. त्यांचे प्रशासकीय काम उत्तम होते, संशोधन तर त्याहून उत्तम होते, पण दोन महिने कमी ते कमीच. त्यांनी त्या वेळी अर्ज केला नाही, याचे मला आजही समाधान वाटते. अपात्र उमेदवाराची निवड झालीच, तर ती पुढे न्यायालयात टिकत नाही आणि त्याची झळ त्या व्यक्तीइतकीच विद्यापीठालाही बसते.

उत्तराखंडमधील एका विद्यापीठाच्या बाबतीत नेमके हेच झाले. तेथील कुलगुरूंची प्राध्यापक म्हणून सेवा दहा वर्षांपेक्षा कमी होती आणि मधला काळ लोकसेवा आयोगाच्या सदस्यपदाचा होता. तो काळ अनुभवात धरता आला नाही, निवडीची रीतसर प्रक्रियाही पाळली गेली नव्हती. उच्च न्यायालयाने रद्द केलेली ही नियुक्ती सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्दच ठेवली.

तेव्हा पहिले काम कोऱ्या कागदावर करावे. प्राध्यापकपदाचा मूळ आदेश कोणत्या तारखेचा, तो कोणत्या तारखेपासून लागू, त्यानंतर असाधारण रजा, प्रतिनियुक्ती किंवा अन्य पदावरील सेवा किती, आणि अर्जाच्या अंतिम तारखेला एकूण किती वर्षे, महिने व दिवस होतात, हे सारे लिहून काढावे. कारकीर्द प्रगती योजनेतून, म्हणजे सेवाकाळ व कामाच्या मूल्यमापनावर आधारित पदोन्नतीतून, प्राध्यापक झालेल्यांनी विशेष काळजी घ्यावी, कारण तेथे मुलाखतीची तारीख, आदेशाची तारीख आणि पात्रतेची मानीव (गृहीत धरलेली) तारीख या तिन्ही वेगळ्या असू शकतात. अर्जात आदेशात छापलेली लागू तारीख द्यावी आणि तो आदेश जोडावा. आठवणीतली तारीख देऊ नये. महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून केलेली सेवा धरली जाईल की नाही, याविषयी जाहिरातीचा मजकूर संदिग्ध असेल तर संबंधित अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे. वयाचा हिशेबही याच कागदावर मांडावा. कुलगुरूंची मुदत पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तेवढी असते. त्यामुळे तुम्ही ६२ वर्षांचे असाल तर आपल्या योजना तीन वर्षांत मावणाऱ्या असाव्यात.

समितीचे कामकाज थोडक्यात असे चालते. कुलपतींनी नामनिर्देशित केलेली व्यक्ती समितीची अध्यक्ष असते. २०१६ च्या अधिनियमाच्या मूळ मजकुरानुसार ही व्यक्ती सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती, राष्ट्रीय ख्यातीचे शास्त्रज्ञ किंवा शिक्षणक्षेत्रातील पद्म पुरस्काराचे मानकरी यांपैकी असावी लागते. राज्य शासनाचे प्रतिनिधी म्हणून प्रधान सचिव दर्जाचे अधिकारी असतात, विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेने व विद्यापरिषदेने मिळून नामनिर्देशित केलेली व्यक्ती असते, आणि २०१८ च्या विनियमांनुसार एक सदस्य आयोगाच्या अध्यक्षांनी नामनिर्देशित केलेला असावा लागतो. समितीच्या सदस्यांचा त्या विद्यापीठाशी किंवा त्याच्या महाविद्यालयांशी कोणत्याही प्रकारे संबंध असता कामा नये, असेही विनियम सांगतात. आलेल्या अर्जांची छाननी होते, निवडक उमेदवारांना मुलाखतीसाठी बोलावले जाते, आणि समिती कुलपतींकडे नावांची यादी पाठविते. आयोगाच्या विनियमांत तीन ते पाच नावांची यादी अपेक्षित आहे. महाराष्ट्रात साधारणपणे पाच नावे जातात आणि कुलपती त्या पाच जणांची स्वतः मुलाखत घेतात. यादी असणे ही औपचारिकता नाही. केरळमधील तंत्रज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंची नियुक्ती सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केली, तेव्हा समितीने एकच नाव पाठविले होते, हा मुद्दा निर्णायक ठरला होता.

उमेदवाराने यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. समितीला प्रत्येक नावासोबत ती व्यक्ती का योग्य आहे, हे लेखी द्यावे लागते. शैक्षणिक गुणवत्ता, देशातील व परदेशातील उच्च शिक्षण व्यवस्थेची ओळख आणि शैक्षणिक व प्रशासकीय कारभाराचा पुरेसा अनुभव या बाबींना समितीने महत्त्व द्यावे, असे विनियमांत नमूद आहे. तुमच्या अर्जातून समितीच्या सदस्यांना या तीन बाबींवरचा मजकूर सहज उचलता आला पाहिजे. दोनशे शोधनिबंधांची यादी त्यांना फारशी उपयोगी पडत नाही. सर्वांत महत्त्वाचे आठ-दहा निबंध वेगळे काढावेत आणि प्रत्येकाखाली त्यातले आपले नेमके काम काय, हे दोन ओळींत लिहावे. प्रशासकीय अनुभव सांगतानाही तेच. ‘विविध समित्यांवर काम केले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘अभ्यास मंडळाचा अध्यक्ष असताना पदव्युत्तर अभ्यासक्रमाची पुनर्रचना अमुक महिन्यांत पूर्ण केली, ती विद्यापरिषदेने अमुक तारखेला मंजूर केली, ठराव परिशिष्टात जोडला आहे’ असे लिहिले की सदस्याला टिपण काढता येते. प्रत्येक विधानापुढे परिशिष्टाचा पृष्ठक्रमांक द्यावा. ज्याचा कागद नाही, ते विधान कितीही खरे असले तरी अर्जात लिहू नये.

चालू किंवा पूर्वीची चौकशी, न्यायालयीन प्रकरण, वसुलीची नोटीस असे काही असेल तर ते स्वतःहून आणि तटस्थ भाषेत नमूद करावे. निर्दोष ठरलेल्या प्रकरणाचा उल्लेख टाळल्यामुळे निर्माण होणारा संशय त्या प्रकरणापेक्षा अधिक नुकसान करतो. ना हरकत प्रमाणपत्रासाठी आपल्या संस्थेकडे पहिल्या दिवशीच अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.

विद्यापीठाविषयीच्या आपल्या भूमिकेचे टिपण बहुतेक ठिकाणी मागितले जाते, आणि माझ्या मते खरा उमेदवार तेथेच ओळखू येतो. ‘विद्यापीठाला जागतिक दर्जा मिळवून देण्याचा माझा संकल्प आहे’ हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचले आहे की कोणत्या विद्यापीठासाठी ते लिहिले आहे, हे पहिल्या पानावर परत जाऊन पाहावे लागते. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे प्रश्न आणि १८५७ पासून चालत आलेल्या मुंबई विद्यापीठाचे प्रश्न एका टिपणात बसू शकत नाहीत. एकीकडे दुर्गम भागातील महाविद्यालये आणि आदिवासी विद्यार्थ्यांचे शिक्षण अर्ध्यावर सुटणे हा विषय आहे, तर दुसरीकडे संलग्न महाविद्यालयांचा प्रचंड पसारा आणि परीक्षांचा भार हा विषय आहे. टिपण लिहिण्यापूर्वी त्या विद्यापीठाचा पंचवार्षिक बृहत आराखडा, अलीकडचे वार्षिक अहवाल, अर्थसंकल्प, लेखापरीक्षणातील आक्षेप आणि नॅकचा (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेचा) अहवाल हे सर्व वाचावे. यास महिनाभर लागला तरी तो द्यावा.

निकालांचे उदाहरण घेऊ. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत तो जाहीर करावा, असे अधिनियमाच्या कलम ८९ मध्ये म्हटले आहे. ‘निकाल वेळेवर लावीन’ असे लिहिण्याऐवजी मागील तीन वर्षांत कोणत्या विद्याशाखेचे निकाल ४५ दिवसांपलीकडे गेले, उत्तरपत्रिकांच्या तुलनेत परीक्षक किती होते, विलंब तपासणीत झाला की गुण नोंदविण्यात, आणि त्यावर पहिल्या सत्रात कोणती व्यवस्था करता येईल, हे लिहावे. ज्या विद्यार्थ्याची नोकरी किंवा पुढचा प्रवेश एका गुणपत्रिकेसाठी अडकतो, त्याच्यासाठी कुलगुरू कोण आहे याचा अर्थ एवढाच असतो, आणि हे ज्याला कळते त्याच्याच हाती विद्यापीठ द्यावे, असे मला मनापासून वाटते.

अधिकाराबाहेरची आश्वासने देऊ नयेत. रिक्त पदे भरण्याचे आश्वासन अनेक उमेदवार देतात, पण अनुदानित पदांना मान्यता राज्य शासन देते. कुलगुरूंच्या हाती असते ते बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षित प्रवर्गासाठी हे ठरविणारी नोंदवही, वेळेत तपासून घेणे, प्रस्ताव परिपूर्ण पाठविणे आणि मान्यता येताच निवड समित्या बसविणे. टिपणात हेच लिहिलेले असेल, तर शासनाच्या प्रतिनिधीला उमेदवाराची समज लगेच कळते. कलम १२ मधील कुलगुरूंचे अधिकार व कर्तव्ये मुलाखतीपूर्वी दोनदा वाचावीत.

मुलाखतीला मोजकी मिनिटे मिळतात. टिपण वाचून दाखवू नये. त्यातील दोनच प्रश्न निवडून त्यांवर सविस्तर बोलण्याची तयारी ठेवावी. माहिती नसलेल्या प्रश्नाला ‘हे मला तपासावे लागेल’ असे स्पष्ट सांगावे. समितीच्या सदस्यांना भेटण्याचा, ओळखीतून निरोप पाठविण्याचा किंवा लोकप्रतिनिधींची शिफारसपत्रे जोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. अशा प्रयत्नांमुळे उमेदवारी बाद होऊ शकते, आणि शिफारशीवर आलेल्या कुलगुरूला पहिल्याच वर्षी त्या शिफारशीची परतफेड मागितली जाते.

नियुक्तीचा आदेश मिळाल्यास पदभार घेण्यापूर्वी मूळ पदावरील धारणाधिकाराची (त्या पदावर परत येण्याच्या हक्काची) नोंद सेवापुस्तकात करून घ्यावी. कुलगुरूपदाचा काळ सेवेचाच भाग धरला जातो, असे विनियमांत नमूद असले तरी नोंद राहून गेल्यास निवृत्तिवेतनाच्या वेळी कागद शोधत फिरावे लागते. त्यानंतरचे पहिले मोठे काम म्हणजे प्र-कुलगुरूंच्या नावाची शिफारस. प्र-कुलगुरूंची मुदत कुलगुरूंच्या मुदतीबरोबरच संपते, त्यामुळे पुढचा सर्व काळ या एका निवडीवर अवलंबून असतो. तुमची विद्याशाखा विज्ञानाची असेल तर मानव्यविद्या किंवा वाणिज्य शाखेतील, महाविद्यालयांच्या अडचणी जवळून पाहिलेल्या प्राध्यापकांचा आधी विचार करावा, आणि त्यांच्या प्राध्यापकपदाच्या आदेशावरील लागू तारीख तुम्ही स्वतः सेवापुस्तकात पाहून घ्यावी.