अँटीबॉडी मागवण्याआधी

लॅबमध्ये नवीन आलेलं पोर, परळचं असो की खारघरचं, पहिल्याच आठवड्यात विचारतं, "ट्युब्युलिनसाठी कुठली अँटीबॉडी चांगली?" (ट्युब्युलिन म्हणजे पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल नावाच्या नळ्यांचं प्रोटीन, अँटीबॉडी त्याला चिकटून ते दाखवते.) मी उलट विचारते, पेशी फिक्स कशात करणार, म्हणजे जशाच्या तशा कशाने टिकवणार? बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो.

सायटोस्केलेटनमध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्यात, सगळा खेळ तिथेच असतो. मायक्रोट्यूब्यूल थंडीत विरघळतात. मीडियम काढून फ्रिजमधल्या गार पीबीएसने (धुण्याचं खारं बफर द्रावण) पेशी धुतल्या, तर फिक्स होण्याआधीच जाळं विस्कटू लागतं. मग डीएम१ए सारखा ट्युब्युलिनचा नावाजलेला क्लोन (एकाच पेशीवंशातून आलेली एकसारखी अँटीबॉडी) वापरूनही धूसर धुकंच दिसतं. म्हणून पीबीएस ३७ अंशांवर ठेवायचं आणि ते काढल्याबरोबर उणे २० चं मिथेनॉल ओतायचं, ते जाळं विस्कटायच्या आत फिक्स करतं. पण त्याच कव्हरस्लिपवर (पेशी असलेली पातळ काच) फॅलॉइडिनने अ‍ॅक्टिनही (सांगाड्यातलंच दुसरं प्रोटीन) बघायचं असेल, तर मिथेनॉल चालत नाही. तिथे ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड. (फॅलॉइडिन ही अँटीबॉडी नव्हेच, विषारी अळंबीतलं पेप्टाइड आहे. हातमोजे घाला.)

दुसरा प्रश्न प्राण्याचा. व्हिमेंटिन या सांगाड्यातल्याच प्रोटीनचा व्ही९ क्लोन माणसाच्या पेशींत झकास चालतो, उंदराच्या (माउस) पेशींत काही दाखवत नाही. डेटाशीटवर हे लिहिलेलं असतं, वाचत मात्र कुणी नाही. सोबत एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची एक स्लाइड ठेवा: तिच्यात केरॅटिन ८ आणि १८ (सांगाड्यातलीच आणखी प्रोटीनं) भरपूर, व्हिमेंटिन जवळपास नाहीच. तीही चमकली तर गडबड आहे. फक्त सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला चिकटून चमकणारी दुसरी अँटीबॉडी) लावलेली स्लाइड तर हवीच हवी.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखण्याची पद्धत) बीटा-अ‍ॅक्टिन ४२ किलोडाल्टनला (रेणूच्या वजनाचं एकक) येतं, ट्युब्युलिन ५० च्या आसपास. तुमचं प्रोटीनही तिथेच येत असेल तर लोडिंग कंट्रोल (प्रत्येक नमुना सारखाच भरलाय हे दाखवणारं प्रोटीन) बदला. आणि औषध दिल्यावर पेशींचा आकारच पालटत असेल, तर अ‍ॅक्टिन कंट्रोल म्हणून धरणं मला तरी पटत नाही.

बाहेरून येणाऱ्या मालाला आठवडे लागतात, तेव्हा ऑर्डर वेळेत टाका आणि पार्सल नेमकं विसर्जनाच्या दिवशी गेटवर येणार नाही हे बघा. आलं की लगेच छोटे अ‍ॅलिकॉट (वाटे) करा, वर लॉट नंबर लिहा. एचआरपी हे एन्झाइम लावलेल्या अँटीबॉडीत सोडियम अझाइड (जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते) घालू नका, एन्झाइम बंद पडतं.